आवाज येतोय, चित्र कुठे गेलं? व्हिडिओ ‘कन्व्हर्ट’ करणं म्हणजे नक्की काय

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. नातवाने डोंबिवली, पुणे, सातारा असं हिंडून नातेवाइकांच्या आठवणी आयफोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. तीसेक क्लिपा. पेनड्राइव्ह हॉलमधल्या टीव्हीला लावला. टीव्ही जुना, अकरा-बारा वर्षांचा. डोंबिवलीच्या काकांचा आवाज खणखणीत आला, “दादा, आठवतंय का, कोपरीला असताना...” आणि पडदा काळाकुट्ट. दुसरी क्लिप, तेच. तिसरी, तेच. मध्येच अमेरिकेतल्या मावशीची क्लिप लागली आणि ती मात्र दिसली! व्हॉट्सॲपवरून आलेली, सगळ्यांत धुरकट क्लिप तेवढी टीव्हीला चालली.

अशा वेळी हॉलमध्ये सल्लागारांना तोटा नसतो. एक जण म्हणाले, पेनड्राइव्ह खराब आहे. दुसरे म्हणाले, “अरे, ही एमओव्ही फाइल आहे, एमपी-फोर कर.” नातवाने लॅपटॉपवर फाइलच्या नावातलं शेपूट बदलून एमपी-फोर केलं. काही फरक नाही. मग कुणीतरी ‘फुकट कन्व्हर्ट करून मिळेल’ अशी वेबसाइट काढली, तिथे अर्धा तास अपलोडची पट्टी सरकत राहिली. तोवर मसालेभात निवला. शेवटी सगळे फोनभोवती कोंडाळं करून बसले.

त्या दिवसापासून सोसायटीत निदान सहा जणांनी मला विचारलंय, की हे कन्व्हर्ट करणं म्हणजे काय आणि फाइलचं नाव बदलून का भागत नाही. एकेकाला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा लिहून टाकतो.

## वहीचं कव्हर आणि आतली लिपी

गावाकडच्या जमिनीचे जुने कागद काढले की त्यात एखादा मोडीतला निघतोच. भाषा मराठी, मजकूर आपल्याच पणजोबांचा, पण वाचता येत नाही. मोडी वाचणारा गाठावा लागतो. आता अशी मोडीत लिहिलेली वही घ्या, तिला नवं खाकी कव्हर घाला, वर लेबल चिकटवा: ‘बाळबोध’, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी. आतला मजकूर वाचता येईल का?

नातवाने फाइलचं नाव बदलून नेमकं हेच केलं होतं.

व्हिडिओ फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, बाहेरचं कव्हर. त्याला कंटेनर म्हणतात. एमपी-फोर, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय ही सगळी कव्हरांची नावं आहेत. चित्र, आवाज आणि असलीच तर सबटायटल्स एकत्र बांधून ठेवायची, कुठल्या क्षणी कुठलं चित्र आणि कुठला आवाज याची अनुक्रमणिका ठेवायची, एवढं कव्हराचं काम. दोन, आतली लिपी. चित्र आणि आवाज कुठल्या पद्धतीने लिहून ठेवलेत, ती पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४, एचईव्हीसी (यालाच एच.२६५ म्हणतात), एव्ही१ या चित्राच्या लिप्या, एएसी, डीटीएस, एमपी-थ्री या आवाजाच्या.

टीव्हीचं भांडण कव्हराशी क्वचितच असतं. त्याला आतली लिपी येत नसते. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, चित्रं एचईव्हीसीत लिहितो. हॉलमधल्या टीव्हीला ती लिपी शिकवलेलीच नव्हती. आवाजाची लिपी मात्र येत होती, म्हणून काका ऐकू आले, दिसले नाहीत. आणि मावशी का दिसली? व्हॉट्सॲप पाठवताना प्रत्येक व्हिडिओ दाबून, जवळपास सगळ्यांना वाचता येणाऱ्या एच.२६४ मध्ये नव्याने लिहून काढतं. चित्र धुरकट होतं, पण बाळबोधीत होतं.

## मुळात लिपी लागते कशाला?

कारण चित्र जसंच्या तसं साठवणं परवडत नाही. हिशेब करून बघा. फुल एचडीची एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र, १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांची. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट, म्हणजे एक फ्रेम ६२ लाख बाइट. सेकंदाला अशा ३० फ्रेम. एका मिनिटाला ११ जीबीच्या वर! आजोबांचा पाऊण तासाचा कार्यक्रम असा साठवला तर ५०० जीबी जातील.

प्रत्यक्षात आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं, की फुल एचडीचं एक मिनिट साधारण ६० एमबी. म्हणजे १८० पटींहून जास्त दाबलं गेलं. हे कसं जमतं?

तलावपाळीला कठड्यावर मोबाइल टेकवून दहा सेकंद मासुंदा तलावाचं शूटिंग करा. तीनशे फ्रेम होतील. पलीकडच्या इमारती, झाडं, आकाश सगळ्यांत तेच. हलतं काय, तर एखादी बोट आणि पाण्यावरच्या लाटा. मग दर वेळी इमारती नव्याने कशाला काढायच्या? पहिली फ्रेम पूर्ण लिहायची आणि पुढच्या फ्रेमसाठी, ऑफिसच्या रजिस्टरात आपण लिहितो तसं, ‘वरीलप्रमाणे’. फक्त बोट चार ठिपके डावीकडे सरकली एवढी नोंद. अधूनमधून पुन्हा एक पूर्ण फ्रेम लिहायची, म्हणजे कुणी मधूनच व्हिडिओ लावला तरी वाचायला सुरुवात करता येते. शिवाय डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक जितका कळतो तितका रंगाचा कळत नाही, म्हणून रंगाची माहिती अर्ध्याहून कमी ठेवायची. बारीक पोत डोळ्याला जाणवत नसेल तिथे गुळगुळीत करून टाकायचा.

आता लग्नाचा व्हिडिओ आठवा. मंगलाष्टकं चालू असेपर्यंत चित्र सुरेख असतं. ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या, की नवरा-नवरीच्या चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे पडतात. पाडव्याच्या शोभायात्रेत गुलाल आणि झेंडे एकदम हलले की तेच. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्या क्षणी फ्रेममधली प्रत्येक गोष्ट बदलते, ‘वरीलप्रमाणे’ लिहायला काही उरतच नाही, आणि सेकंदाला जेवढी जागा वाट्याला आलीय तेवढ्यात सगळं कोंबायचं असतं. ही सेकंदाला मिळणारी जागा म्हणजे बिटरेट. बिटरेट कमी आणि धावपळ जास्त, की चौकोन दिसलेच.

## एकच लिपी का नाही ठेवत?

कारण दर दहाएक वर्षांनी कुणीतरी जास्त हुशारीने ‘वरीलप्रमाणे’ लिहायची पद्धत काढतं. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून आपण सीडी आणायचो, एक सिनेमा दोन-तीन सीडींवर असायचा, आठवतंय? ती एमपेग-१, चित्र जेमतेम ३५२ गुणिले २८८. डीव्हीडी आली ती एमपेग-२ घेऊन. २००३ मध्ये एच.२६४ आलं आणि ते इतकं पसरलं, की आज फोन, टीव्ही, ब्राउझर, डिश टीव्हीचा डबा, कुणालाही ते वाचता येतं. २०१३ मध्ये एचईव्हीसी आलं. त्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवायचं हे त्याचं उद्दिष्ट. आयफोनच्या सेटिंगमध्ये हा फरक उघड दिसतो: ६० एमबीचं ते मिनिट जुन्या पद्धतीने घेतलं तर १३० एमबी.

मग एचईव्हीसी सगळीकडे का नाही? थोडं गणित, बरीचशी वकिली. ते उलगडायला जास्त ताकदीची चिप लागते, आणि त्याच्या पेटंटचे पैसे मागणारे गट एकाहून अधिक. म्हणून विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर एचईव्हीसी फाइल उघडली की मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून वेगळं एक्स्टेंशन विकत घ्यायला सांगतात. या कटकटीला वैतागून गूगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स वगैरेंनी २०१५ मध्ये एकत्र येऊन बिनरॉयल्टीची लिपी करायला घेतली. ती एव्ही१, २०१८ ची. हॉलमधल्या टीव्हीला तीही येत नाही, हे सांगायला नकोच.

## आधी बघा, कन्व्हर्ट करायला हवंय का

माझ्याकडे ‘कन्व्हर्ट करून दे’ म्हणून आलेल्या निम्म्या फाइलींना त्याची गरज नव्हती. लॅपटॉपवर चालत नसेल तर व्हीएलसी टाका. घोडबंदर रोडवर जागोजागी दिसतो तसला नारिंगी-पांढरा शंकू त्याचं चिन्ह. पॅरिसच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला हा प्लेयर फुकट आहे आणि बहुतेक लिप्या वाचायचं ज्ञान सोबतच घेऊन येतो. एक्स्टेंशन विकत घ्यावं लागत नाही.

फाइलच्या आत काय आहे तेही त्यातच कळतं. ‘टूल्स’मध्ये ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ उघडायचं. डॉक्टर आधी नाडी बघतो तसं हे आधी बघावं. कधीकधी चित्राची लिपी टीव्हीला येत असते, फक्त कव्हर नको असतं. उदाहरणार्थ एमकेव्हीच्या आत साधं एच.२६४. तेव्हा मजकूर पुन्हा लिहायचा नाही, नुसतं कव्हर बदलायचं. याला रीमक्स म्हणतात. दोन तासांची फाइल मिनिटभरात होते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. हे काम एफएफएमपेग करतं. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० मध्ये सुरू केलेलं हे साधन आज असंख्य व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या पोटात असतं. त्याला कमांड टाइप कराव्या लागतात. ते नको असेल तर त्याच्यावरच उभं असलेलं लॉसलेसकट घ्या, त्यात बटणं आहेत.

चित्र दिसतं पण आवाज नाही, असा उलटा प्रकारही होतो. तेव्हा बहुतेकदा आवाज डीटीएसमध्ये असतो आणि टीव्हीला तो कळत नाही. तिथे चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसीत लिहून घ्यायचा.

आजोबांच्या क्लिपांना मात्र यातलं काही लागू नव्हतं. आतली लिपीच बदलायला हवी होती.

## पुन्हा लिहिताना काय सांडतं

मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद करत नाहीत. बाळबोधीतला ‘दिन’ आणि ‘दीन’ मोडीत सारखेच लिहिले जातात. आता मोडीवरून परत बाळबोधीत आणताना लिहिणाऱ्याने काय करायचं? संदर्भाने अंदाज. बहुतेकदा बरोबर येईल, कधी चुकेल, पण मूळ कागदावर काय होतं ते या नकलेतून कधीच कळणार नाही.

व्हिडिओचंही तसंच. आयफोनने एकदा बारीकसारीक टाकून दिलं, तुम्ही कन्व्हर्ट करताना सॉफ्टवेअरने आणखी थोडं टाकलं, मग व्हॉट्सॲपने आणखी. म्हणून दुसऱ्या नकलेवरून तिसरी, तिसरीवरून चौथी करू नका. दर वेळी मूळ फाइलपासून निघा.

“पण मी बिटरेट दुप्पट ठेवला तर?” हे एका काकांनी विचारलं होतं. फाइल फुगेल, गेलेलं परत येणार नाही. सीडीवरचा सिनेमा फोर-केमध्ये कन्व्हर्ट केला तर ठिपके मोठ्या कागदावर मांडले जातील, एवढंच. उलट तक्रारही येते: “कन्व्हर्ट केलं तर साइज दुप्पट झाली!” होणारच. एचईव्हीसीतून एच.२६४ मध्ये आलात, म्हणजे मोडीतला झरझर लिहिलेला मजकूर सुट्या टपोऱ्या अक्षरांत काढलात. पानं जास्त लागतात.

## हँडब्रेकसमोर बसल्यावर

या कामाला मी हँडब्रेक वापरतो. एरिक पेटिट यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं, फुकट, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालणारं. चिन्ह अननसाचं, का ते विचारू नका. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की हँडब्रेक चित्र नेहमी नव्याने लिहितं. नुसतं कव्हर बदलणं त्याला येत नाही.

फाइल आत ओढली की शंभर खटके समोर येतात आणि माणूस घाबरतो. त्यातले तीन-चारच आपले. प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेला संच, ‘फास्ट १०८०पी३०’ ठेवा. कव्हर एमपी-फोर. व्हिडिओच्या पानावर एच.२६४ आहे ना ते बघा. त्याच्याच शेजारी टेन-बिटवालं एच.२६४ असतं, ते जुन्या टीव्हीला चालणार नाही. मग येतो दर्ज्याचा खटका, ज्याला आरएफ म्हणतात. इथे सगळे फसतात, कारण आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. फुल एचडीला २० ते २४ च्या मध्ये कुठेही ठेवा. शून्यावर नेऊ नका. एका काकूंनी ‘बेस्ट क्वालिटी’ म्हणून नेला होता, रात्रभर पंखा घरघरला आणि सकाळी डिस्क भरलेली.

यादीत एनव्हीईएनसी किंवा क्विक सिंक अशी नावंही दिसतील. ती ग्राफिक्स चिपकडून काम करून घेतात, भराभर होतं, पण तेवढ्याच दर्जासाठी फाइल मोठी पडते. तीस क्लिपा उद्या सकाळी हव्या असतील तर ते वापरा. घाई नसेल तर साधं, सावकाश चालणारं बरं.

दोन अडचणी हमखास येतात. नव्या आयफोनवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणारी पद्धत, चालू असेल तर जुन्या टीव्हीवर चेहरे पांढुरके, धुतल्यासारखे दिसतात. हे नंतर निस्तरण्यापेक्षा शूटिंगच्या आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करावं. तिथेच ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं तर फोन सरळ एच.२६४ मध्ये लिहितो आणि हे सगळं पुराण टळतं. दुसरी अडचण पेनड्राइव्हची. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग आत ३२ जीबी मोकळे असोत.

## मग वेबसाइटवर का नाही?

कारण तुमच्या घरातला व्हिडिओ तुम्ही अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर ठेवून येता. आणि परत काय घेऊन येता तेही बघायला हवं. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल जाहीर इशारा दिला होता: काही साइट फाइल बदलून देतात खऱ्या, पण सोबत व्हायरसही चिकटवतात. सॉफ्टवेअर उतरवून घेतानाही मूळ साइटवरूनच घ्यावं. तेवढ्यानेही शंभर टक्के खात्री मिळत नाही म्हणा; मे २०१७ मध्ये खुद्द हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर कुणीतरी मॅकची विषारी आवृत्ती चढवली होती आणि चार दिवस ती तिथे होती. पण गूगलवर पहिली दिसलेली जाहिरात दाबण्यापेक्षा हा धोका कितीतरी लहान.

## आणि कॅसेट?

आजोबांच्या क्लिपा रविवारी दुपारी हँडब्रेकमध्ये कन्व्हर्टला लावून ठेवल्या, संध्याकाळी हॉलमध्ये पुन्हा बसलो. काका दिसले, कोपरीची गोष्ट पूर्ण झाली. आजोबा म्हणाले, “हा जाड झालाय.”

ते बघून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर गेल्या आणि १९९१ च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट घेऊन आल्या. “हेही कर ना पेनड्राइव्हवर.”

इथे हँडब्रेक पहिल्या पायरीला उपयोगाचं नाही, कारण कॅसेटवर फाइलच नसते. आधी चालणारा व्हीसीआर लागतो, त्यातून येणारा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणारं कॅप्चर यंत्र लागतं, आणि तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. ती फाइल झाली की मग हँडब्रेक. तेव्हा ‘डीइंटरलेस’ चालू करायचं. आपल्याकडच्या टीव्हीच्या जुन्या ‘पाल’ (PAL) पद्धतीत प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत यायची, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम दाखवल्या की हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते फुटतात. डीइंटरलेस ते दाते काढतं. चित्र मोठं करायच्या फंदात पडायचं नाही, ७२० गुणिले ५७६ पुष्कळ झालं.

कॅसेट उजेडात तिरकी धरून खिडकीतून रिळाकडे पाहिलं. कडेला पांढरे ठिपके होते. ठाण्यातले चौतीस पावसाळे लोखंडी कपाटात काढलेत तिने. ती बुरशी आहे. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागते, टेप तुटू शकते आणि पुढच्या कॅसेटलाही तीच लागण होते. आधी साफ करून घ्यावी लागते, आणि ते काम मी घरी करणार नाही.

काकूंनी कॅसेट परत घेतली, पुसली आणि विचारलं, “मग तोवर ठेवू कुठे? कपाटात नको ना?”

कपाटात नकोच. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, कॅसेट उभी. नव्या चपलांच्या खोक्यातून निघतात त्या पुड्या चालत नाहीत, त्या आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात.